रेंडर पासेसची बेरीज : वास्तुचित्रणातील कंपोझिटिंगची सविस्तर पद्धत

वास्तूंची थ्रीडी चित्रे करणाऱ्या माणसाला दोन वाक्ये नेमाने ऐकावी लागतात. "बाकी सगळं छान आहे, फक्त जरा उजेड वाढवा" हे पहिले, आणि "काहीतरी खोटं वाटतंय, पण काय ते सांगता येत नाही" हे दुसरे. पहिल्या वाक्यासाठी आपण रात्रभराचे रेंडर (संगणकाने प्रकाश मोजून चित्र काढणे) पुन्हा लावतो, आणि दुसऱ्यासाठी तयार चित्र फोटोशॉपमध्ये उघडून त्याला कर्व्हज, शार्पन आणि व्हिन्येटची फोडणी देतो. दोन्ही वेळा अडचण एकच असते. प्रकाशाचा सगळा हिशेब रेंडर इंजिनाने वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेला असतो, आणि आपण मात्र त्याची फक्त शेवटची बेरीज हातात घेऊन तिच्यावर खाडाखोड करत बसतो.

रेंडर पासेस म्हणजे ते वेगळे रकाने, आणि ते जोडून चित्र घडवणे म्हणजे कंपोझिटिंग. या लेखात ते कसे काढावेत, कसे जोडावेत आणि कुठे हात लावावा व कुठे लावू नये, हे एका उदाहरणाच्या आधाराने क्रमवार मांडले आहे. उदाहरण कोकणातल्या एका घराच्या बैठकीच्या खोलीचे आहे. जांभ्याची उघडी भिंत, कोटा दगडाची पॉलिश केलेली फरशी, सागवानी खिडक्या आणि बाहेर पावसाळी संध्याकाळ असे ते दृश्य आहे. आत छताच्या कडेने लपवलेली एलईडी पट्टी, जेवणाच्या टेबलावर लोंबते दोन दिवे आणि सोफ्याशेजारी स्टँडचा एक दिवा आहे. साधन म्हणून ब्लेंडर आणि त्यातले सायकल्स हे इंजिन घेतले आहे, कारण ते कोणालाही विनामूल्य मिळते. व्ही-रे किंवा कोरोना ही इंजिने वापरणाऱ्यांना पासेसची नावे बदलून हेच गणित लागू पडते.

आधी एक गणित

प्रकाश प्रकाशात मिसळतो तेव्हा त्याची सरळ बेरीज होते. दोन दिवे वेगवेगळे लावून घेतलेल्या दोन नोंदींची बेरीज आणि दोन्ही दिवे एकत्र लावून घेतलेली नोंद एकच असते. संपूर्ण कंपोझिटिंग या एका गुणधर्मावर उभे आहे. मात्र हा गुणधर्म लिनिअर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या थेट प्रमाणातल्या, आकड्यांनाच लागू होतो. पडद्यावर दिसणाऱ्या, गॅमा चढवलेल्या, म्हणजे पडद्यासाठी वक्र रेषेने उजळवलेल्या, आकड्यांना तो लागू होत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. भिंतीवरच्या एका बिंदूला पहिल्या दिव्यापासून ०.२ आणि दुसऱ्यापासूनही ०.२ इतका प्रकाश मिळतो असे समजू. लिनिअर बेरीज ०.४ झाली. एसआरजीबीत, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगमापात, रूपांतर केल्यावर ०.२ चा आकडा २५५ पैकी १२४ च्या आसपास येतो आणि ०.४ चा सुमारे १७०. म्हणजे बरोबर उत्तर १७० आहे. पण रूपांतर आधी करून मग बेरीज केली, तर १२४ अधिक १२४ म्हणजे २४८, अर्थात जवळजवळ पांढरी भिंत. 'पासेस जोडले की चित्र भाजल्यासारखे दिसते' अशी तक्रार करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच झालेली असते. मग तो भाजलेपणा लपवण्यासाठी 'स्क्रीन' मोड वापरला जातो. स्क्रीनचे सूत्र एकच्या वर जाणाऱ्या आकड्यांसाठी बनलेलेच नाही, त्यामुळे खिडकीतले आकाश आणि दिव्यांचे गाभे त्यात मरतात.

म्हणून फोटोशॉपमध्ये काम करायचेच असेल तर फाइल ३२ बिट मोडमध्येच ठेवावी, बेरजेसाठी 'लिनिअर डॉज' आणि गुणाकारासाठी 'मल्टिप्लाय' वापरावे, आणि १६ बिटवर उतरणे अगदी शेवटी ठेवावे. ब्लेंडरचा कंपोझिटर मुळातच लिनिअरमध्ये चालतो आणि पडद्यासाठीचे रूपांतर सर्वांत शेवटी करतो, त्यामुळे तिथे ही चिंता राहत नाही.

रेंडर लावण्यापूर्वीची तयारी

कंपोझिटिंगची अर्धी गुणवत्ता रेंडरचे बटण दाबण्यापूर्वीच ठरते. व्ह्यू लेअरच्या (दृश्याच्या एका रेंडर-थराच्या) पासेसमध्ये डिफ्यूज (पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश), ग्लॉसी (चकाकी व प्रतिबिंबे) आणि ट्रान्समिशन (काचेसारख्या वस्तूतून आरपार आलेला प्रकाश) या तिन्हींचे डायरेक्ट (दिव्यापासून थेट आलेला), इनडायरेक्ट (इतरत्र आपटून आलेला) आणि कलर (पृष्ठभागाचा स्वतःचा रंग) असे तीन-तीन पास चालू करावेत. त्यांच्या जोडीला एमिशन (स्वतः चमकणाऱ्या वस्तू) आणि एन्व्हायर्न्मेंट (पार्श्वभूमीचे आकाश) घ्यावेत. दृश्यात धुके किंवा धूर असेल तरच व्हॉल्यूमचे पास लागतात. याखेरीज मिस्ट (अंतराची नोंद), क्रिप्टोमॅट (वस्तूनिहाय मास्क, म्हणजे निवडीचे साचे) आणि डिनॉइझिंग डेटा (दाणे, म्हणजे रेंडरमधला ठिपकेदार खरखरीतपणा, काढायला लागणारी माहिती) घ्यावा. अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्यांतल्या काळोखाचा पास) घेण्याबाबत माझे मत पुढे येईलच.

दुसरी तयारी लाइट ग्रुपची, म्हणजे दिव्यांचा प्रकाश वेगवेगळ्या पासेसमध्ये मिळवून देणाऱ्या गटांची. ब्लेंडरमध्ये ही सोय २०२२ साली ३.२ या आवृत्तीत आली. आपल्या खोलीसाठी चार गट पुरेत: आकाश, एलईडी पट्टी, लोंबते दिवे आणि स्टँडचा दिवा. इथे एक खाच आहे. जो प्रकाशस्रोत कोणत्याही गटात नाही, तो कोणत्याही गटाच्या पासमध्ये येत नाही आणि चारही गटांची बेरीज मूळ चित्रापेक्षा कमी भरते. आकाशाचा गट वर्ल्डच्या सेटिंगमध्ये द्यावा लागतो आणि चमकणाऱ्या वस्तूंचा, उदाहरणार्थ एलईडी पट्टीच्या मेशचा, गट त्या वस्तूच्या शेडिंगच्या सेटिंगमध्ये. हे दोन हमखास विसरले जातात.

तिसरी गोष्ट दिव्यांच्या रंगाची. ज्या दिव्यांचा रंग नंतर ठरवायचा आहे, ते रेंडरमध्ये पांढरेच ठेवावेत. ३००० केल्विनच्या दिव्याच्या रंगाचे लाल, हिरवा व निळा यांचे लिनिअर प्रमाण साधारण १, ०.४५ आणि ०.१५ असे पडते. दिवा याच रंगाने रेंडर केला तर निळ्या चॅनेलमध्ये अगदी थोडा प्रकाश नोंदला जातो. उद्या क्लायंटने "इतका पिवळा नको, ४००० करा" म्हटले की तो दुबळा निळा चॅनेल ताणावा लागतो आणि त्याच्याबरोबर त्यातले दाणेही वर येतात. पांढरा रेंडर केलेला गट या तीन आकड्यांनी गुणला की तोच दिवा ३००० केल्विनचा होतो, आणि आकडे बदलले की ४००० चा.

एका मर्यादेची कल्पना आधीच असावी. सायकल्समध्ये लाइट ग्रुपचे पास डिफ्यूज आणि ग्लॉसी असे पुन्हा विभागून मिळत नाहीत. म्हणजे आपल्या हाती एकाच चित्राच्या दोन स्वतंत्र फोडी असतात, एक दिव्यांनुसार आणि दुसरी पृष्ठभागाच्या वागण्यानुसार. आतल्या दृश्यांसाठी मी दिव्यांची फोड मुख्य मानतो आणि दुसरीचा उपयोग जागोजागच्या दुरुस्तीपुरता करतो. दिवसाच्या बाहेरच्या दृश्यात सूर्य आणि आकाश असे दोनच गट असतात, तिथे पृष्ठभागाची फोड अधिक कामाची ठरते.

फाइल कोणती आणि किती मोठी

पासेस साठवण्यासाठी ओपनईएक्सआर हेच स्वरूप घ्यावे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने ते आपल्या चित्रपटांच्या कामासाठी घडवले आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात एकच्या वरचे आकडे जसेच्या तसे राहतात आणि सगळे पास एका मल्टिलेअर फाइलमध्ये बसतात. १६ बिटचा 'हाफ' प्रकार ६५५०४ पर्यंतचे आकडे ठेवू शकतो, आणि रंगांच्या पासेसना तेवढे पुष्कळ झाले.

क्रिप्टोमॅटचे मात्र तसे नाही. सायॉप या स्टुडिओतल्या जोना फ्रिडमन आणि अँड्र्यू जोन्स यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या नावापासून बनलेला ३२ बिटचा एक ओळख-आकडा आणि त्या पिक्सेलमध्ये त्या वस्तूने व्यापलेला वाटा अशी जोडी साठवली जाते. ओळख-आकड्यातला एक बिट जरी हलला तरी ती वस्तू ओळखता येत नाही. म्हणून ही फाइल पूर्ण ३२ बिटची हवी आणि कॉम्प्रेशन झिपसारखे, काहीही न गमावणारे हवे. डीडब्ल्यूएए हे थोडी माहिती गमावणारे कॉम्प्रेशन जागा छान वाचवते म्हणून मी एकदा सगळ्याच पासेसना लावून मोकळा झालो होतो. सकाळी मास्क उघडले तर सोफ्याच्या जागी चिंध्या दिसत होत्या, आणि रात्रीचे रेंडर पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जागेचा अंदाज आधी घ्यावा. ए३ आकाराच्या छपाईसाठी ३०० डीपीआयने ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल. हाफ प्रकारातला एक रंगीत पास कॉम्प्रेशनपूर्वी साधारण १०४ एमबी होतो. सहा पातळ्यांचा एक क्रिप्टोमॅट ८३५ एमबीच्या घरात जातो, पण त्यात एकसारखे मोठे पट्टे असल्यामुळे झिपने तो बराच आवळला जातो. वीस-बावीस पासेसच्या एका व्ह्यूमागे दोन-तीन जीबी डिस्क आणि त्याहून अधिक रॅम लागणार हे गृहीत धरावे.

बेरीज जुळवून दाखवणे

या टप्प्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण बहुतेक जण तो गाळतात. कोणताही रंग, उजेड वा मास्क हाती घेण्यापूर्वी सुटे पास जोडून मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळवायचे.

सायकल्ससाठी सूत्र असे आहे. डिफ्यूज डायरेक्ट आणि डिफ्यूज इनडायरेक्ट यांची बेरीज करून तिला डिफ्यूज कलरने गुणावे. ग्लॉसी आणि ट्रान्समिशन या त्रिकुटांचेही तसेच करावे. तिन्ही गुणाकार एकत्र जोडून त्यांत एमिशन आणि एन्व्हायर्न्मेंट मिळवावे. व्हॉल्यूमचे पास असतील तर तेही जोडावेत, त्यांना गुणायला रंगाचा पास नसतो. प्रत्येक मिक्स नोडचा (पास जोडणाऱ्या चौकोनाचा) फॅक्टर १ आहे आणि क्लॅम्प (एकच्या वरचे आकडे कापणे) बंद आहे याची खात्री करावी. व्ही-रेमध्ये लाइटिंग, ग्लोबल इल्युमिनेशन, रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन, स्पेक्युलर, सबसरफेस आणि सेल्फ इल्युमिनेशन यांची सरळ बेरीज करायची असते.

आता ही बेरीज आणि मूळ चित्र 'डिफरन्स' मोडमध्ये एकमेकांसमोर ठेवून येणारे उत्तर १०० ने गुणावे. चित्र जवळपास संपूर्ण काळे दिसले तर हिशेब जुळला. हाफ प्रकाराच्या अचूकतेमुळे अतिशय उजळ जागी किंचित धूळ दिसू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. पण एखाद्या वस्तूचा आकार ओळखू येत असेल, तर तो आकारच चूक कुठे आहे ते सांगतो. खिडकीच्या काचा दिसल्या तर ट्रान्समिशन राहिले, दिव्याचा गोळा दिसला तर एमिशन राहिले, आकाश दिसले तर एन्व्हायर्न्मेंट राहिले. संपूर्ण चित्रावर बारीक दाणे दिसत असतील तर बहुधा रेंडरमध्ये डिनॉइझ चालू आहे. ते मूळ चित्रालाच लागते, सुट्या पासेसना लागत नाही. अशा वेळी तुलना 'नॉइझी इमेज' या पासशी करावी.

लाइट ग्रुपची चाचणी याहून सोपी आहे. चारही गट जोडावेत आणि मूळ चित्रातून वजा करावेत. जे उरेल ते गटाबाहेर राहिलेल्या दिव्याचे काम.

ही चाचणी जुळल्यावर तुमच्याकडे एक शून्यबिंदू असतो. त्यापुढे चित्र कुठे बिघडले तर दोष तुमच्या बदलात आहे, पासेसमध्ये नाही, एवढे निश्चित राहते. चाचणी न करता पुढे गेलेला माणूस तासभराने एखादी करडी छटा दुरुस्त करत बसतो आणि ती मुळात एका विसरलेल्या पासची उणीव असते, हे त्याला कळत नाही.

दाणे काढणे

दाणे काढण्याचे काम जोडणीच्या आत, पासनिहाय करावे. तयार चित्राला डिनॉइझ लावले की जांभ्याच्या भिंतीवरची बारीक छिद्रे आणि सागाच्या रेषा दाण्यांबरोबरच पुसल्या जातात, आणि भिंत मेणाची वाटू लागते. सुट्या पासेसमध्ये हे पोत डिफ्यूज कलरमध्ये असतात आणि त्या पासमध्ये दाणे जवळजवळ नसतात. म्हणून डायरेक्ट आणि इनडायरेक्ट या प्रकाशाच्या पासेसनाच डिनॉइझ नोड लावावा, त्याला डिनॉइझिंग डेटातले अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) जोडावेत, आणि कलरचा पास जसाच्या तसा गुणावा. इंटेलच्या ओपन इमेज डिनॉइझवर चालणारा हा नोड अशा स्वच्छ विभागणीत फार चांगले काम करतो.

लाइट ग्रुपच्या पासेसमध्ये पोत आणि प्रकाश एकत्रच असतात, त्यामुळे तिथे अल्बेडो जोडणे अधिकच आवश्यक ठरते. लपवलेल्या एलईडी पट्टीचा गट सर्वांत दाणेदार निघतो, कारण त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश छतावर आपटून येतो. त्यासाठी रेंडरमधले सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे मोजले जाणारे किरण) वाढवणे हाच खरा उपाय आहे. डिनॉइझने तो गट अगदी गुळगुळीत केला, तर कोपऱ्यातल्या मंद सावल्या डागांसारख्या दिसू लागतात.

उजेडाची मिसळ

आता मजेचा भाग. प्रत्येक गटाला एक्सपोजर नोड लावावा. त्यात एक स्टॉप वाढवणे म्हणजे दुप्पट करणे आणि एक स्टॉप कमी करणे म्हणजे निम्मे करणे, हे छायाचित्रकारांचेच माप आहे.

सर्व गट बंद करून सुरुवात करावी आणि आधी फक्त आकाश चालू करावे. पावसाळी संध्याकाळच्या आकाशाचा प्रकाश मऊ आणि निळसर असतो, त्याला ठळक दिशा नसते, आणि खोलीच्या आतल्या टोकाला तो जेमतेम पोहोचतो. तो तसा अपुराच ठेवावा. खिडकीबाहेरचे आकाश पूर्ण पांढरे न होता ढगांचे आकार दिसतील इतपतच एक्सपोजर असावे. मग एलईडी पट्टी हळूहळू वर आणावी. छतावर तिचा पट्टा दिसू लागेल, पण खिडकीपेक्षा उजळ होणार नाही अशा जागी थांबावे. लोंबते दिवे टेबलापुरते. स्टँडचा दिवा सर्वांत शेवटी, आणि तो बहुतेक वेळा आपल्याला वाटतो त्याच्या निम्माच पुरतो.

"सगळीकडे लख्ख उजेड हवा" ही मागणी मान्य केली की चारही गट सारख्याच ताकदीचे होतात, आणि चित्र लग्नाच्या हॉलसारखे दिसते. खोलीत कोणत्याही एका वेळी एकच प्रकाश धनी असतो आणि बाकीचे त्याच्या पदरी असतात. संध्याकाळच्या दृश्यात धनी आकाश ठेवायचे की एलईडी, हा निर्णय आधी घ्यावा, म्हणजे आकडे आपोआप सापडतात.

रंगाचे एक पथ्य इथे पाळावे लागते. दिव्यांना ३००० केल्विनचे आकडे लावल्यावर ते पडद्यावर गडद नारिंगी दिसतील आणि घाबरून तुम्ही ते पांढरे करायला जाल. कॅमेरा मात्र असे करत नाही. आतल्या खोलीचा फोटो काढताना छायाचित्रकार व्हाइट बॅलन्स दिव्यांच्या आणि आकाशाच्या रंगांच्या मध्ये कुठेतरी, ४००० केल्विनच्या आसपास धरतो. त्यामुळे दिवे फिकट पिवळे आणि बाहेरचे आकाश निळे दिसते. आपणही गट खऱ्या रंगाचे ठेवून सर्व गटांच्या बेरजेवर एकच व्हाइट बॅलन्स लावावा, म्हणजे लाल थोडा कमी आणि निळा थोडा अधिक. दिव्यांचा आणि आकाशाचा परस्पर फरक त्यामुळे शाबूत राहतो, आणि बघणाऱ्याच्या मनात 'संध्याकाळ' उमटते ती त्या फरकामुळेच.

जागोजागची दुरुस्ती

क्रिप्टोमॅटने फरशीचा मास्क घ्यावा. कोटा दगडावरचे खिडकीचे प्रतिबिंब किंचित ठळक हवे असेल तर ग्लॉसीच्या पूर्ण गुणाकाराचा, म्हणजे कलर गुणिले डायरेक्ट व इनडायरेक्टच्या बेरजेचा, पंधरा-वीस टक्के भाग मास्कमधून घेऊन मुख्य बेरजेत मिळवावा. हा भाग मूळ दिव्यांच्या प्रमाणातला असतो. तुम्ही गटांची मिसळ खूप बदलली असेल, तर प्रतिबिंबाचा रंग खोलीशी फटकून वागेल. दोन्ही फोडी एकत्र वापरण्याची एवढी किंमत मोजावी लागते. ती नको असेल तर मिसळीचे आकडे मूळ दृश्यातल्या दिव्यांना देऊन पुन्हा एकदा रेंडर करावे.

वस्तूचा रंग बदलण्याची विनंती हे क्रिप्टोमॅटचे नेहमीचे काम. सोफ्याच्या मास्कमध्ये फक्त डिफ्यूज कलर बदलला की सावल्या आणि घड्या जशाच्या तशा राहून कापड नवे दिसते, कारण प्रकाशाचे पास अस्पर्श राहतात. पण लाल सोफा निळा केलात तरी शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेली लालसर झाक डिफ्यूज इनडायरेक्टमध्ये तशीच आहे, आणि फरशीतले प्रतिबिंब अजून लालच आहे. नजर हे पकडते, भले तिला कारण सांगता येवो न येवो. करड्याचा गडद करडा, मातकटाचा विटकरी, इतपत बदल या मार्गाने करावेत. त्यापुढचे बदल रेंडरमध्येच करावेत.

अँबियंट ऑक्लुजनचा पास पूर्ण चित्रावर मल्टिप्लाय करण्याची प्रथा अजून चालू आहे. ती ज्या काळात सुरू झाली त्या काळात इंजिने परावर्तित प्रकाश नीट मोजत नसत आणि कोपऱ्यांतला काळोख हाताने आणावा लागे. आज तो काळोख डिफ्यूज इनडायरेक्टमध्ये मोजलेलाच असतो. त्यावर पुन्हा हा पास लावणे म्हणजे एकाच सावलीचा हिशेब दोनदा करणे, आणि त्यातूनच जुन्या रेंडर्सची ओळख असलेली ती काजळी येते. सोफ्याच्या पायाखाली वस्तू तरंगल्यासारखी वाटत असेल तर आधी मॉडेल जमिनीला खरोखर टेकले आहे का ते पाहावे. तरीही हवाच असेल तर तो फक्त इनडायरेक्टवर, दहा टक्क्यांच्या आत लावावा.

खिडकीबाहेरचे जग

आकाश बदलायचे असेल तर फिल्म ट्रान्स्परंट चालू करून अल्फासह (पिक्सेल किती झाकलेला आहे याच्या नोंदीसह) रेंडर करावे, आणि काचांमधूनही अल्फा मिळावा म्हणून 'ट्रान्स्परंट ग्लास' हा पर्यायही चालू करावा. इथे प्रीमल्टिप्लाइड अल्फा समजून घेणे भाग आहे. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ च्या शोधनिबंधात ही मांडणी रूढ केली: प्रत्येक पिक्सेलचा रंग त्याच्या अल्फाने आधीच गुणलेला असतो. त्यामुळे वर ठेवलेले चित्र अधिक खालचे चित्र गुणिले एक वजा अल्फा, इतक्या साध्या सूत्राने दोन चित्रे जुळतात. मात्र अशा चित्रावर रंगाची दुरुस्ती करायची असेल तर आधी अल्फाने भागावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा गुणावे. हे टाळले की सागवानी चौकटीच्या कडेने पांढरी किंवा काळी किनार उमटते.

नवे आकाश निवडताना ज्या आकाशाने खोली उजळली त्याच्याशी ते जुळले पाहिजे. ढगाळ प्रकाशात रेंडर केलेल्या खोलीबाहेर सूर्यास्ताचा फोटो लावला तर फरशीवर पडलेला प्रकाश त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

धुक्यासाठी झेड-डेप्थऐवजी (अंतराच्या कच्च्या पासऐवजी) मिस्ट पास घ्यावा, कारण झेडच्या कडा गुळगुळीत केलेल्या नसतात आणि झाडांच्या पानांभोवती दातेरी रेषा येते. हवेतून येणारा प्रकाश अंतराबरोबर घातांकाने घटतो. दर मीटरला ०.००२ इतकी घट धरली तर १०० मीटरवरच्या नारळाच्या झावळ्या ८२ टक्के टिकतात आणि ५०० मीटरवरचा डोंगर ३७ टक्केच उरतो. जो भाग गेला त्याच्या जागी धुक्याचा रंग येतो, आणि तो रंग त्या दिशेच्या आकाशातून उचलावा, शुद्ध पांढरा घेऊ नये. आणखी एक अडचण म्हणजे मिस्ट पास खिडकीच्या काचेवरच थांबतो आणि बाहेरच्या डोंगरालाही काचेइतकेच अंतर देतो. त्यावर उपाय म्हणून काचा लपवलेला वेगळा व्ह्यू लेअर काढून त्यातून फक्त मिस्ट घ्यावा. हा लेअर दोन-चार मिनिटांत होतो.

लेन्स आणि फिल्म

ग्लेअर हे लेन्समध्ये घडणारे प्रकाशाचे विखुरणे आहे, म्हणून ते टोन मॅपिंगच्या (पडद्यासाठीच्या रूपांतराच्या) आधी, लिनिअरमध्येच घडले पाहिजे. ब्लेंडरच्या ग्लेअर नोडमध्ये फॉग ग्लो घेऊन उंबरठा १ च्या वर ठेवला, की फक्त दिव्यांचे गाभे आणि आकाशाचे उजळ भाग पसरतात. दिव्याभोवती वलय आहे असे पहिल्या नजरेत लक्षात आले, तर ते निम्मे करावे. क्रोमॅटिक ॲबरेशनबाबत (लेन्समुळे कडांवर रंग फुटण्याबाबत) तर मी इतकेच म्हणेन की वास्तूंचे फोटो काढणारे लोक ते टाळण्यासाठी महागड्या लेन्स घेतात. आपण ते मुद्दाम आणायचे असेल तर चित्राच्या कोपऱ्यांत एखाद्या पिक्सेलपेक्षा अधिक नसावे. डेप्थ ऑफ फील्ड (फोकसबाहेरचे धूसर होणे) पोस्टमध्ये, म्हणजे रेंडरनंतर, करू नये. हवी असेल तर कॅमेऱ्यातच द्यावी.

यानंतर पडद्यासाठीचे रूपांतर. ब्लेंडरमध्ये ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, एजीएक्स हे रूपांतर मुळातच निवडलेले असते. फार उजळ रंगीत प्रकाश ते हळूहळू पांढऱ्याकडे नेते, आणि त्यामुळे एलईडी पट्टीचा गाभा प्लास्टिकसारखा नारिंगी राहत नाही. चित्र थोडे फिके वाटले तर त्याचा मध्यम कॉन्ट्रास्टचा लुक निवडावा. स्टँडर्ड रूपांतरावर उलट फिरून जाऊ नये. एकदा हे रूपांतर ठरले की एक्सपोजरची मिसळ पुन्हा पाहावी, कारण आतापर्यंत घेतलेले निर्णय ज्या रूपांतराखाली घेतले असतील त्यालाच ते लागू असतात. खरे तर एजीएक्स सुरुवातीपासून चालू ठेवूनच काम करावे. मी ते इथे शेवटी सांगितले, कारण चित्रावर ते शेवटी लागू होते.

हलके ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) शेवटी टाकावे. ढगाळ आकाशासारख्या मंद उतारावर ८ बिटच्या फाइलमध्ये पट्टे पडतात, आणि ग्रेन ते मोडते. छपाईसाठी १६ बिटचे टिफ काढावे, पडद्यासाठी एसआरजीबीतले जेपीईजी. छापखान्यात देण्यापूर्वी एकदा ए४ वर नमुना काढून खोलीच्या साध्या उजेडात पाहावा. पडद्यावर नीट दिसणारी आतली काळोखी जागा कागदावर बहुधा अर्ध्या स्टॉपने बुडते, आणि ती वर आणायची झाल्यास पूर्ण चित्र उजळण्यापेक्षा कलरने गुणलेल्या डिफ्यूज इनडायरेक्टचा दहा-पंधरा टक्के भाग मिळवणे बरे, म्हणजे खिडकी जागची हलत नाही.

क्लायंटला जेपीईजी पाठवावे, पण ईएक्सआर आणि कंपोझिटची फाइल प्रकल्प पूर्ण होऊन घर बांधून होईपर्यंत जपून ठेवावी. "सोफ्याशेजारचा दिवा जरा मंद करता येईल का?" हा निरोप अनेकदा सहा महिन्यांनी येतो, आणि तेव्हा स्टँडच्या दिव्याच्या गटावर उणे एक स्टॉप लिहून पाच मिनिटांत नवे चित्र पाठवता येते.